एकेक प्रकार संपवायचा की सगळी गणितं मिसळून करायची?

आधी हे तीन प्रश्न वाचा. सोडवायचे नाहीत. प्रत्येकाला कुठली पद्धत लागेल, एवढंच मनात ठरवा.

पहिला: १३ फूट लांबीची शिडी भिंतीला टेकवली आहे. शिडीचा पाया भिंतीपासून ५ फुटांवर आहे. वरचं टोक किती उंचीवर टेकलंय?

दुसरा: १० फूट लांबीची शिडी जमिनीशी ६० अंशांचा कोन करून भिंतीला टेकवली आहे. वरचं टोक किती उंचीवर?

तिसरा: ६ फूट उंचीच्या माणसाची सावली ४ फूट पडली आहे. त्याच वेळी शेजारच्या झाडाची सावली २० फूट आहे. झाड किती उंच?

तिन्हींमध्ये काटकोन आहे, तिन्हींमध्ये उंची काढायची आहे आणि तिन्हींची आकृती काढली तर जवळपास सारखीच दिसते. तरी पहिल्याला पायथागोरस लागतो (उत्तर १२ फूट), दुसऱ्याला त्रिकोणमिती (साधारण ८.६६ फूट) आणि तिसऱ्याला समरूप त्रिकोण (३० फूट). महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या भूमितीत ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत: समरूपता पहिलं, पायथागोरसचे प्रमेय दुसरं आणि त्रिकोणमिती थेट सहावं.

आता गंमत बघा. पायथागोरसच्या प्रकरणातला सरावसंच सोडवताना "इथे कुठली पद्धत लागेल?" हा प्रश्न तुम्हाला कधी पडतो का? पडत नाही. पानाच्या वर प्रकरणाचं नाव छापलेलं असतं. शिडी दिसो, पतंग दिसो की विजेचा खांब, कर्णाचा वर्ग मांडायचा आणि पुढे जायचं. गणिताचा अर्धा भाग, म्हणजे कुठलं हत्यार काढायचं ते ओळखणं, पुस्तकाने आधीच करून दिलेला असतो. तुम्ही उरलेल्या अर्ध्याचाच सराव करता. परीक्षेत मात्र वर प्रकरणाचं नाव नसतं.

"घरी सगळं येत होतं, पेपरमध्ये सुचलंच नाही" हे वाक्य दर वर्षी निकालानंतर घराघरांत ऐकू येतं. त्याला आपण घाबरणं म्हणतो, लक्ष नसणं म्हणतो, कधी कधी 'गणिताचं डोकं नाही' असंही म्हणून टाकतो. पुष्कळदा कारण याहून साधं असतं. जो भाग पेपरमध्ये लागला, त्याचा सराव कधी झालेलाच नसतो.

एकगठ्ठा आणि मिसळलेला

सरावाच्या या दोन पद्धतींना संशोधनात नावं आहेत. एका प्रकारची सगळी गणितं संपवून मगच पुढच्या प्रकाराला हात लावायचा, तो ब्लॉक्ड सराव. आपण त्याला एकगठ्ठा म्हणू. प्रकारांची सरमिसळ करून, पुढचं गणित कुठल्या प्रकाराचं येईल हे माहीत नसताना सोडवायचं, ते इंटरलीव्हिंग. म्हणजे मिसळलेला सराव.

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडामधले डग रोहरर गेली अनेक वर्षं नेमकं हेच तपासत आहेत. २००७ मध्ये त्यांनी आणि केली टेलर यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. मुद्दाम अशा आकृती निवडल्या होत्या की त्यांची सूत्रं कोणाला आधीपासून माहीत असण्याची शक्यता कमी. एका गटाने एकेका आकृतीची गणितं ओळीने सोडवली. दुसऱ्या गटाने तीच गणितं मिसळून सोडवली.

सरावाच्या वेळी एकगठ्ठा गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळलेल्या गटाची फक्त ६०. इथेच थांबलो असतो तर निकाल स्पष्ट होता. पण एका आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा एकगठ्ठा गट २० टक्क्यांवर घसरला आणि मिसळलेला गट ६३ वर राहिला.

८९ वरून २०. हा आकडा मला फार बोलका वाटतो. कारण त्या ८९ वाल्या मुलांना सरावाच्या दिवशी कोणी विचारलं असतं, "येतंय का?", तर त्यांनी अगदी खरेपणाने "हो, सगळं येतंय" असंच सांगितलं असतं.

अर्थात तो प्रयोग छोटा होता, विद्यार्थी मोजकेच. मोठा प्रयोग नंतर झाला आणि तो खऱ्याखुऱ्या वर्गांमध्ये. २०२० मध्ये रोहरर आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या सातवीच्या ५४ वर्गांतल्या ७८७ मुलांवर केलेल्या प्रयोगाचे निकाल छापले. काही महिने दोन्ही गटांना तीच गणितं दिली होती. फरक फक्त ती कुठल्या क्रमाने यायची याचा. शेवटच्या उजळणीनंतर महिन्याभराने, आधी न सांगता परीक्षा घेतली. एकगठ्ठा गटाला सरासरी ३८ टक्के, मिसळलेल्या गटाला ६१. नवं पुस्तक नाही, जास्तीचा क्लास नाही. क्रम बदलला, एवढंच.

इथे एक शंका रास्त आहे. गणितं मिसळली की एकाच प्रकारची दोन गणितं आपोआप लांब लांब जातात. मग फायदा मिसळण्याचा की मधल्या अंतराचा? अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते हे तर आधीपासून माहीत आहे. टेलर आणि रोहरर यांनी २०१० मध्ये चौथीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात दोन्ही गटांसाठी हे अंतर सारखंच ठेवलं. तरीही दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत मिसळलेला गट ७७ टक्के आणि एकगठ्ठा गट ३८ टक्के. शिवाय एकगठ्ठा गटाच्या चुका कुठल्या होत्या? मुलांना सूत्रं आठवत होती, पण ती भलत्याच गणिताला लावली जात होती. म्हणजे अंतराचा फायदा आहेच, आणि त्याच्या वर ओळखण्याच्या सरावाचा फायदा वेगळा आहे.

मशीनचंही तेच होतं, आणि जास्त वाईट होतं

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे हे सगळं वाचताना मला सारखं न्यूरल नेटवर्क आठवत होतं. १९८९ मध्ये मायकल मॅक्लॉस्की आणि नील कोहेन यांनी एका छोट्या नेटवर्कला बेरीज शिकवली. आधी एकाच्या बेरजा: १ + १, १ + २, ९ + १ अशी मिळून १७ गणितं. नेटवर्कला त्या पक्क्या आल्या. मग त्याच नेटवर्कला दोनच्या बेरजा शिकवायला घेतल्या, फक्त दोनच्या. दोनच्या येऊ लागल्या तशा एकाच्या पुसल्या गेल्या. थोड्याफार नव्हे, पार गेल्या. या प्रकाराला 'कॅटास्ट्रॉफिक' म्हणजे सर्वनाशी विसर असं नाव पडलं.

कारण तसं सोपं आहे. नेटवर्कचं सगळं ज्ञान काही आकड्यांमध्ये, म्हणजे वेट्समध्ये साठलेलं असतं. दोनच्या बेरजा शिकताना तेच आकडे ओढले जातात आणि ते ओढताना "अरे, एकाच्या बेरजांचं काय?" असं विचारणारं कोणी नसतं, कारण एकाच्या बेरजा आता समोर येतच नाहीत. दोन्ही मिसळून समोर आल्या तर नेटवर्कला दोन्हींना जमतील असे आकडे शोधावे लागतात.

म्हणूनच आज कोणी फोटोतून मांजर आणि कुत्रा ओळखणारं मॉडेल बनवत असेल तर आधी सगळी मांजरं आणि मग सगळे कुत्रे असा डेटा देत नाही. ट्रेनिंगचा डेटा शफल करणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की त्यावर कोणी चर्चाही करत नाही. डीपमाइंडचा जो प्रोग्राम अटारीचे व्हिडिओ गेम खेळायला शिकला, ज्याचा पेपर २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आला, त्यातही ही युक्ती होती. प्रोग्राम खेळातले मागचे दहा लाख क्षण साठवून ठेवायचा आणि शिकताना त्यातले कुठलेही क्षण उचलून मिसळून वापरायचा. नुकतंच घडलेलं ओळीने शिकत बसला असता तर तो सध्याच्या प्रसंगातच अडकून पडला असता.

पण ही तुलना फार ताणायची नाही. माणसाचा मेंदू असा सपाट पुसला जात नाही. त्रिकोणमिती शिकलात म्हणून पायथागोरस गेला असं होत नाही. मॅक्लॉस्की आणि कोहेन यांचा मुद्दाही हाच होता की नेटवर्कचं विसरणं माणसाच्या विसरण्यासारखं नाही. तुलनेतून घेण्यासारखी गोष्ट एवढीच: ज्या दोन गोष्टींमध्ये फरक करायला शिकायचं आहे, त्या दोन्ही समोर असल्याशिवाय फरक शिकता येत नाही. ते मशीनलाही लागू आणि आपल्यालाही.

सराव ठीक, पण शिकवायचंच एकत्र का?

आतापर्यंत बोललो ते सरावाबद्दल. त्याच्या आधीचा प्रश्न जास्त अवघड आहे. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन संकल्पना पहिल्यांदा शिकवतानाच शेजारी शेजारी ठेवाव्यात का? लसावि आणि मसावि. परिमिती आणि क्षेत्रफळ. सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज. अकरावी-बारावीवाल्यांसाठी परम्युटेशन आणि कॉम्बिनेशन.

बऱ्याच शिक्षकांचं म्हणणं असतं की मुलं आधीच गोंधळतात, त्यात दोन्ही एकदम दिलं तर पार गोंधळ. एक पक्कं करू, मग दुसरं. ऐकायला हे पटतंच.

स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिच या विद्यापीठातल्या एस्थर झीग्लर आणि एल्सबेथ स्टर्न यांनी हे सहावीच्या मुलांवर तपासलं. २०१४ मध्ये त्यांचा पेपर आला. विषय बीजगणिताची अगदी सुरुवात. क + क + क म्हणजे ३क, आणि क × क × क म्हणजे क चा घन. हे दोन्ही मुलं सर्रास एकमेकांत मिसळतात. क × क चं उत्तर २क लिहिलेल्या वह्या तुम्हीही पाहिल्या असतीलच. एका गटाला आधी बेरजेचे नियम पूर्ण शिकवले आणि मग गुणाकाराचे. दुसऱ्या गटाला पहिल्या दिवसापासून दोन्ही शेजारी शेजारी दिले आणि तुलना करायला लावली: इथे काय झालं, तिथे काय झालं, फरक कशामुळे.

शिकण्याच्या दिवसांत वेगवेगळं शिकणारा गट पुढे दिसत होता. नंतर एका दिवसाने, एका आठवड्याने आणि तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा एकत्र शिकलेला गट पुढे होता. पेपरच्या नावातच 'उशिरा दिसणारे फायदे' अशा अर्थाचे शब्द आहेत.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'उशिरा'. शिक्षकाला वर्गात काय दिसतं? आज मुलांना जमतंय की नाही, ते. पालकांना काय दिसतं? आजच्या वहीतल्या बरोबरच्या खुणा. जी पद्धत आज चांगली दिसते आणि तीन महिन्यांनी मागे पडते, तिला पकडणार कोण? तीन महिन्यांनी जेव्हा मुलाला जमत नाही, तेव्हा दोष पद्धतीवर जात नाही, मुलावर जातो.

तरीही "सगळं एकत्रच शिकवा" असा सरसकट नियम मी काढणार नाही. डोक्यात एका वेळी मावणाऱ्या नव्या गोष्टींना मर्यादा आहे. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली कॉग्निटिव्ह लोडची कल्पना हेच सांगते. क + क आणि क × क हे दोन्ही छोटे नियम आहेत, शेजारी मावतात. पण ज्याला साइन-कोसाइन म्हणजे काय हेच अजून कळलेलं नाही, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी समरूपता, पायथागोरस आणि त्रिकोणमिती यांची मिसळ ठेवली तर तो तुलना करणार तरी कशाची? गाडी शिकताना पहिल्या दिवशी क्लच कळला पाहिजे. भर बाजारपेठेतली ट्रॅफिक नंतर.

मिसळण्याचा फायदा सगळीकडे सारखा मिळतो असंही नाही. मॅथियास ब्रुनमेअर आणि टोबियास रिक्टर यांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशोब केला. चित्रं ओळखण्यासारख्या कामात फायदा मोठा होता, गणितात मध्यम, आणि शब्द शिकण्यात तर उलट एकगठ्ठाच बरा ठरला. मिसळण्याची किंमत तिथे वसूल होते जिथे गोष्टी दिसायला सारख्या आणि आतून वेगळ्या असतात. पायथागोरसच्या मध्ये इतिहासाचे सन घातले तर ओळखण्याचा कुठलाच सराव होत नाही, कारण त्यांची गल्लत कोणी करतच नाही.

माझं मत विचाराल तर क्रम असा असावा: नवीन गोष्ट आली की तिची चार-पाच गणितं सलग, हात बसेपर्यंत. लगेच तिच्यासारखी दिसणारी गोष्ट शेजारी ठेवून तुलना. आणि त्यानंतर ती गोष्ट पुन्हा कधीही एकटी भेटायला नको. बालभारतीच्या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' असतो, तो याच दिशेचा आहे. पण तो त्या एका प्रकरणापुरताच संकीर्ण. प्रकरणाचं नाव अजूनही वर बसलेलंच असतं.

हिरवी खूण काय मोजते?

आता फोनकडे येऊ. गणिताची बहुतेक ॲप्स उघडा, रचना ठरलेली असते. टॉपिक निवडा, एक व्हिडिओ बघा, त्याच टॉपिकचे दहा प्रश्न सोडवा. दहापैकी नऊ बरोबर, स्क्रीनवर रंगीत कागद उडतात, प्रोग्रेस बार पुढे सरकतो, टॉपिक 'पूर्ण'. बरोबर असलेले नऊ खोटे नाहीत. पण ते वरच्या ८९ टक्क्यांसारखे आहेत. ॲपने आत्ताचं मोजलं, महिन्यानंतरचं नाही.

ॲप बनवणाऱ्याच्या जागी बसून बघितलं तर हे का होतं ते कळतं. युजर रोज परत यायला हवा, आणि सारखं चुकणारा युजर ॲप बंद करून रील्स बघायला जातो. दोन डिझाइन शेजारी ठेवून कुठल्या डिझाइनमध्ये लोक जास्त वेळ थांबले हे तपासलं, तर जे सोपं वाटतं तेच जिंकण्याची शक्यता जास्त. यात कोणाचं कारस्थान असायची गरज नाही. जे मोजलं जातं तेच वाढत जातं. काही ॲप्समध्ये मिसळलेल्या टेस्ट असतातही, पण त्या सहसा टॉपिकच्या यादीच्या खाली, आपण जिथे कधी स्क्रोल करत नाही तिथे असतात.

आणि आपलं स्वतःचं मोजमापही फार भरवशाचं नाही. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी २००८ मध्ये लोकांना १२ चित्रकारांची चित्रं दाखवली. काही चित्रकारांची चित्रं सलग, काहींची मिसळून. नंतर नवीन चित्र दाखवून "हे कोणाचं?" असं विचारलं. मिसळून बघितलेल्या चित्रकारांच्या बाबतीत बहुतेकांचं उत्तर जास्त वेळा बरोबर आलं. पण परीक्षा झाल्यानंतर "कुठल्या पद्धतीने जास्त शिकलात?" असं विचारलं तेव्हा बहुतेकांनी सलग पद्धतीच्या बाजूने कौल दिला. स्वतःची उत्तरं देऊन झाल्यानंतरसुद्धा! सलग बघताना जे सुरळीत वाटतं, त्यालाच आपण शिकणं समजतो.

म्हणून एक धोक्याची सूचना. मिसळलेला सराव सुरू केलात की पहिले काही दिवस तुमचे मार्क कमी होणार. १० पैकी ९ वरून ६ वर याल. घरच्यांना ते दिसलं तर प्रश्न विचारले जातील. आधीच सांगून ठेवा.

फोनवर हे कसं करायचं

सगळ्यात सोपी युक्ती कॅमेऱ्याची. झालेल्या चार-पाच प्रकरणांमधल्या गणितांचे फोटो काढा, एका फोटोत एकच गणित. क्रॉप करताना सरावसंचाचा नंबर आणि प्रकरणाचं नाव दिसणार नाही असं बघा. सगळे एका अल्बममध्ये टाका. डोळे मिटून अल्बम स्क्रोल करा, बोट टेकेल ते गणित सोडवा. याला ॲप लागत नाही, नेट लागत नाही.

ज्यांना थोडं पद्धतशीर हवं आहे त्यांच्यासाठी अँकी आहे. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड नावाने फुकट मिळतं, आयफोनवर मात्र पैसे पडतात. लोक इथे एक गोष्ट हमखास करतात: प्रत्येक प्रकरणाचा वेगळा डेक. त्याने आपण पुन्हा एकगठ्ठ्यावरच येतो. गणिताचा एकच डेक ठेवा आणि प्रकरणाचं नाव टॅगमध्ये टाका. कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त गणित. मागच्या बाजूला पहिल्या ओळीत 'पद्धत कोणती आणि कशावरून ओळखली', मग उत्तर. प्रत्येक वेळी पूर्ण गणित सोडवायलाच हवं असं नाही. बसमध्ये असाल तर फक्त पद्धत ओळखा आणि कार्ड उलटा. अर्ध्या मिनिटाचं काम. हातात वही असेल तेव्हा पूर्ण सोडवा, कारण आकडेमोडीचा सराव ओळखण्याने होत नाही.

एआय चॅटबॉट वापरत असाल तर त्याला असं सांगून बघा: "समरूपता, पायथागोरस आणि त्रिकोणमिती या तीन प्रकरणांवर प्रत्येकी चार शाब्दिक उदाहरणं दे. क्रम मिसळ. प्रकरणाचं नाव, सूत्र किंवा हिंट देऊ नकोस. मी माझी पद्धत सांगेपर्यंत उत्तर देऊ नकोस." प्रश्न बनवायला तो बरा आहे. उत्तरांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आकडेमोडीत तो अगदी आत्मविश्वासाने चुकतो, आणि कधी कधी प्रश्नच असा बनवतो की तसा त्रिकोण असू शकत नाही. पुस्तकातली गणितं असतील तर तीच वापरा.

मार्क लिहिताना दोन रकाने ठेवा. पद्धत बरोबर ओळखली का, आणि उत्तर बरोबर आलं का. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पद्धत बरोबर आणि उत्तर चूक असेल तर आकडेमोड कच्ची आहे. पद्धतच चुकली असेल तर अजून एक काम करा: कशाला काय समजलात ते लिहा. "लसाविला मसावि समजलो", "सरळव्याजाला चक्रवाढ समजलो". मशीन लर्निंगमध्ये याला कन्फ्युजन मॅट्रिक्स म्हणतात. मॉडेल किती टक्के चुकलं यापेक्षा ते कशाची गल्लत कशाशी करतंय हे बघणं जास्त उपयोगाचं असतं. दोन आठवड्यांत तुमच्या यादीत त्याच दोन-तीन जोड्या परत परत दिसू लागतील. त्या जोड्यांपुरती तुलना करून घेतली की पुष्कळ काम होतं.

सीईटी देणाऱ्यांसाठी हे जास्त लागू आहे. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरला ५० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. त्यातली ४० सेकंद "हे कुठल्या चॅप्टरचं?" यातच गेली तर उरलेल्यात सोडवणार काय? एमपीएससी किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचंही तेच. शेकडेवारीचं पुस्तक, काळ-काम-वेगाचं पुस्तक, सगळं प्रकरणवार पाठ असतं आणि पेपरमध्ये सगळं एकत्र येतं. मागच्या वर्षांचे पेपर 'शेवटच्या महिन्यात बघू' म्हणून बाजूला ठेवू नका. मिसळलेल्या गणितांचा तयार साठा तोच आहे. निम्मा अभ्यासक्रम झाला असेल तर त्यातले झालेल्या भागाचे प्रश्न आजपासून उचलता येतात.

लहान भावंडांना शिकवत असाल तर आणखी एक प्रकार करून बघा. आकडे तेच ठेवायचे आणि गोष्ट बदलायची. आकडे सारखे असले की आकड्यांवरून अंदाज बांधता येत नाही, वाक्य वाचावंच लागतं. नमुन्यासाठी १२ आणि १८ घेऊन बनवलेले हे पाच प्रश्न:

एका मार्गावरची बस दर १२ मिनिटांनी आणि दुसऱ्या मार्गावरची दर १८ मिनिटांनी सुटते. सकाळी ८ वाजता दोन्ही एकदम सुटल्या, तर पुन्हा एकदम कधी सुटतील?

१२ मीटर आणि १८ मीटरच्या दोन दोऱ्या आहेत. काहीही वाया न घालवता दोन्हींचे सारख्या लांबीचे तुकडे करायचे आहेत. तुकडा जास्तीत जास्त किती लांब असेल?

एक गवंडी एक भिंत १२ दिवसांत बांधतो, दुसरा तीच भिंत १८ दिवसांत. दोघं मिळून किती दिवसांत बांधतील?

सायकलवर जाताना वेग ताशी १२ किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना ताशी १८. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?

१२ मीटर बाय १८ मीटरच्या अंगणाला एकपदरी तारेचं कुंपण घालायचं आहे. तार किती लागेल?

उत्तरं ओळीने: ८ वाजून ३६ मिनिटं, ६ मीटर, ७.२ दिवस, ताशी १४.४ किलोमीटर, ६० मीटर. चौथ्याचं उत्तर १५ आलं असेल तर तुमच्या गल्लतींच्या यादीतली पहिली नोंद मिळाली: साधी सरासरी आणि सरासरी वेग.